केळसकरबाईंची बिनगिअरची गाडी

केळसकरबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कचेरीच्या आवारात, गुलमोहराखाली पाटावर बसून डब्याच्या झाकणात काहीतरी निवडत होत्या. मला वाटलं, वाटाणे सोलतायत. जेवणाची सुट्टी होती, आमच्याकडे बायका भाजीसुद्धा निवडायच्या, तेव्हा त्यात नवल नव्हतं. जवळ गेले तर झाकणात पेढ्याएवढे सहा काळे रोलर. बाई एकेक उचलून उजेडात धरायच्या, दोन बोटांत फिरवायच्या आणि परत ठेवायच्या. शेजारी एक निळी स्कूटर, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जादा चाकं जोडलेली, आणि एका अंगाचं झाकण काढून तिचं पोट उघडं पडलेलं. बाईंची साडी मात्र कडक इस्त्रीची. पायावर वर्तमानपत्र पसरलं होतं, तेवढाच काय तो बंदोबस्त.

"काय शोधताय?" मी विचारलं. नवी आलेली, त्यात स्वभाव चौकस.

"सपाट झालेला," त्या म्हणाल्या. वर बघितलंही नाही. "हा बघा. गोल दिसतो ना? फिरवा."

मी फिरवला. एका जागी बोट अडखळलं.

"सापडला की नाही? चार हजार किलोमीटर एकाच कुशीवर झोपलाय लेकाचा."

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. ठाण्यातल्या जमिनीच्या नकाशांच्या एका सरकारी कचेरीत मी कारकून म्हणून लागले होते आणि कुमुद केळसकर तिथे अनुरेखक होत्या. अनुरेखक म्हणजे जुन्या, विटलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो रेघ न् रेघ उतरवून घेणारा माणूस. वय चाळिशीच्या आतबाहेर. लहानपणी पोलिओ झालेला, त्यामुळे उजव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या आणि काखेत एक कुबडी. राहायला कल्याणच्या जुन्या गावात, म्हाताऱ्या वडिलांबरोबर.

कल्याणहून ठाण्याला सगळं जग आगगाडीने येतं. बाईंना स्टेशनचे जिने चढता येत नव्हते. पहिली काही वर्षं त्या रिक्षा, मग एसटी, मग पुन्हा रिक्षा असं करत आल्या आणि पगाराचा मोठा भाग त्यातच घातला. मग बाजारात बिनगिअरची स्कूटर आली. क्लच दाबायला नको, पायाने काही करायला नको, मूठ पिळली की चालली. बाईंनी ती घेतली, उल्हासनगरच्या एका वेल्डरकडून बाजूची चाकं बसवून घेतली, आणि दुसऱ्या आठवड्यापासून पत्रीपूल, शीळफाटा, मुंब्रा, कळव्याचा पूल असं करत रोज कचेरीत येऊ लागल्या. जाऊन येऊन पन्नासेक किलोमीटर. मी त्यांना भेटले तेव्हा गाडीचा आकडा एकदा पुरा फिरून पुन्हा शून्यावरून सुरू झालेला होता.

गाडी स्वतः दुरुस्त करायची वेळ त्यांच्यावर नाइलाजाने आली. पहिल्यांदा गाडी चढावर नुसती बोंबलायला लागली, पुढे जाईना, तेव्हा त्या कल्याणच्या एका मेकॅनिककडे गेल्या. त्याने झाकण उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाला, "बाई, ह्याच्यात गिअरच नाय. मी दुरुस्त काय करू?" त्याने झाकण परत लावून दिलं. बाई घरी आल्या, गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक काढलं आणि त्यातली सगळी चित्रं ट्रेसिंग पेपरवर उतरवून काढली. उतरवल्याशिवाय त्यांना काही समजायचं नाही. "नुसतं बघून डोळे फसतात. हात फिरला की कळतं कुठे काय आहे ते," असं त्या म्हणायच्या.

मला त्यांनी ती यंत्रणा शिकवली तीही डब्यावरच. दोन ताटल्या पाठीला पाठ लावून धरल्या, मधल्या खाचेत साडीची किनार घातली आणि म्हणाल्या, "हा बेल्ट. ताटल्या लांब, बेल्ट तळाशी. आता ताटल्या जवळ आणते. बेल्ट कुठे गेला?"

"वर."

"झालं. इंजिन जोरात फिरलं की ते सहा रोलर बाहेरच्या बाजूला पळतात आणि ताटलीला ढकलतात. पुढे बेल्ट वर चढतो, मागच्या ताटल्यांत तेवढाच खाली उतरतो. हाच गिअर. आता सांग, रोलर सपाट झाला तर काय होईल?"

रोलर पळायच्या ऐवजी घसटत राहील आणि गाडी चढावर अडखळेल, हे त्यांनी सांगितलं नाही. दोन दिवस थांबल्या आणि मलाच विचार करायला लावलं. तोवर त्या मला 'अहो'वरून 'अगं' म्हणायला लागल्या होत्या, मी मात्र 'अहो'वरच राहिले. त्यांनी मला शेवटपर्यंत आडनावानेच हाक मारली. "सावंत, तू जेवलीस का," अशी.

बाजूच्या चाकांमुळे त्या गाडीवर नेहमीपेक्षा जास्त भार पडायचा. पुस्तकात बेल्ट बदलायचा जो आकडा दिला होता त्याच्या कितीतरी आधी त्यांचा बेल्ट झिजायचा. म्हणून दर पंधरा दिवसांनी, शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत झाकण उघडायचं हा नेम. आधी मऊ ब्रशने काळी भुकटी झाडायची. फुंकायची नाही, कारण ती नाकात जाते. मग बेल्टची रुंदी मोजायची. मग मागच्या, आपोआप लागणाऱ्या क्लचच्या घासपट्ट्या, म्हणजे लायनर, बघायचे. ते काचेसारखे गुळगुळीत झाले असतील तर बारीक पॉलिश पेपर दोनदा फिरवायचा, नाहीतर गाडी सुटताना थरथरते. रोलरची आकृती कागदावर उतरवून खाली तारीख घालायची. असल्या आकृत्यांची एक जाड फाइल त्यांच्या टेबलात होती. कुणी विचारलंच तर, "माझी कुंडली आहे," म्हणून मोकळ्या व्हायच्या.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आधी बघू, मग बोलू." गाडीला तेच, माणसांना तेच. कचेरीत नवीन लग्न झालेल्या एका मुलीबद्दल कुजबूज सुरू झाली की बाई नकाशावरून मान न उचलता म्हणायच्या, आधी बघू. घोडबंदर रोडवरच्या गावांतून माणसं बांधाची भांडणं घेऊन यायची. तिकडे तेव्हा नुकतीच जमिनींना किंमत यायला लागली होती. एकदा एक म्हातारे काका एका ओढ्यावरून भांडत, नकाशावर जोरजोरात बोट आपटत सांगत होते, "ह्यो वरा आमचा हाय, बाय, माज्या आज्यानं तिथं मासं धरलंन." बाकीचे टेबलवाले हसत होते. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, "कुठे धरायचे ते काढून दाखवा." काकांनी पेन्सिल मुठीत धरून वाकडातिकडा ओढा काढला. बाईंनी तो जुन्या कापडी नकाशावर ठेवला. ओढा बरोबर होता. मध्ये कुणीतरी नक्कल करताना तो एक पूर्ण शेतभर सरकवला होता. काकांना आनंद झालाच, पण बाईंना झालेला आनंद पाहण्यासारखा होता. दुपारभर त्या नक्कल कुणी केली असेल, हात कुठे घसरला असेल, याचाच तपास करत होत्या.

हे टेबल त्यांना किती प्रिय होतं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कचेरीत कागद खालीवर पोहोचवणारी टेबलं खूप होती. नकाशाचं एकच, उत्तरेच्या खिडकीजवळ. त्या टेबलासाठी त्या पन्नास किलोमीटर करत होत्या. कल्याणच्या शाखेत त्यांना केव्हाही बदली मिळाली असती, घरापासून दहा मिनिटांवर. पण तिथे नकाशे नव्हते, आवक-जावक होतं. आलेल्या टपालावर शिक्का मारायचा आणि वहीत चढवायचं.

आणि त्या टेबलावर गंडांतर आलं ते आमच्या नव्या साहेबांमुळे. माणूस वाईट नव्हता. वक्तशीर होता आणि दयाळू होता, आणि या दोन्ही गोष्टी त्याला एकदमच व्हायच्या. शीळफाट्याला एकदा ट्रक उलटला, मुंब्र्याला दोनदा रस्ता तुंबला, असे बाईंचे एका महिन्यात तीन लेटमार्क झाले. साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. "केळसकर, तुमचे हाल मला बघवत नाहीत. आणखी एकदा उशीर झाला तर मी तुम्हाला कल्याणला देईन. तुमच्याच सोयीसाठी."

बाई म्हणाल्या, "सोय माझी आणि ठरवणार तुम्ही?" साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला.

त्या दिवसांत बाईंच्या हाती घोडबंदर रोडवरच्या एका खाडीकाठच्या गावाचा नकाशा होता. मूळ कापड वाळवीने खाल्लेलं, कडा भुसभुशीत. दोन महिने त्या त्याच्यावर वाकलेल्या होत्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे अधिकारी तो पाहायला येणार होते. खाडीच्या बाजूची हद्द बाईंनी अखंड रेघेने न काढता तुटक काढली होती. "जे दिसत नाही ते मी काढत नाही. का काढलं नाही हे मला त्यांना समक्ष सांगायचंय. नाहीतर कुणीतरी शाईने जोडून टाकेल आणि उद्या तीच हद्द होऊन बसेल," त्या म्हणाल्या.

खंडेनवमीला कचेरीत पूजा असते. टाइपरायटर, स्टेपलर, लोखंडी कपाटं, मोजणीच्या साखळ्या, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. बाई आत नकाशाची शेवटची शाई फिरवत होत्या. मी आणि आमचा शिपाई बाळाराम, कळव्याच्या खाडीकाठचा, आवारात साहेबांच्या जीपला हार घालत होतो. बाळारामचं लक्ष निळ्या स्कूटरकडे गेलं.

"बायंची गारी आज अशी धुलीनशी भरलेली ठेवाची? नाय हो मॅडम."

मलाही ते बरोबर वाटलं. ज्या हत्यारावर आपलं पोट चालतं ते त्या दिवशी पुसायचं, त्याला तेलपाणी करायचं, फूल वाहायचं. आमच्या घरी शिवणयंत्राला, बाळारामच्या घरी होडीला, असंच चालत आलेलं. आम्ही गाडी धुतली. मग मला शहाणपण सुचलं. झाकण कसं उघडायचं हे मी शंभरदा पाहिलं होतं, पान्हा डिकीत कुठे असतो ते ठाऊक होतं. ताटलीच्या मागच्या एका बेअरिंगला बाई बोटाच्या टोकाएवढं ग्रीस लावतात हेही पाहिलं होतं. बाळारामने जीपच्या तेलपाण्यासाठी होडीच्या इंजिनाचं ग्रीस घरून आणून ठेवलंच होतं. आम्ही दोघांनी मोठ्या भक्तिभावाने त्या चारही ताटल्यांना ग्रीस चोपडलं. बेल्टलासुद्धा. झाकण लावलं, वर हळदकुंकू वाहिलं, हार घातला. बाई बाहेर आल्या, हार पाहून हसल्या, आणि घाईने निघाल्या. आत काय केलं ते आम्ही सांगितलं नाही. म्हटलं, शुक्रवारी उघडतील तेव्हा खूश होतील.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी मी आपट्याची पानं घेऊन डोंबिवलीच्या माझ्या घरून कल्याणला त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. ओसरीवर वर्तमानपत्रं, त्यावर सगळे भाग मांडलेले, बादलीत साबणाचं पाणी, आणि त्यात बेल्ट. बाईंचे हात कोपरापर्यंत काळे. आदल्या संध्याकाळी त्यांना घरी पोचायला अडीच तास लागले होते. कळव्याच्या पुलावर गाडी ओरडत होती पण सरकत नव्हती. लोकांनी ढकलून वर चढवली होती.

"ये सावंत. एक गंमत झालीय," त्या म्हणाल्या. "आत ग्रीस आहे. इतकं की विश्वास बसणार नाही. कुठल्या सीलमधून आलं असेल तेच शोधतेय सकाळपासून."

माझ्या हातातली पानं तशीच राहिली. मी सांगून टाकलं. सांगताना रडले.

मला वाटलं, बाई आता उठून मला घरातून घालवतील. त्यांनी विचारलं, "किती लावलंत?"

"काय?"

"ग्रीस. एक बोट? दोन बोटं? बेल्टला आतून लावलं का बाजूंनी? कुठल्या इंजिनाचं होतं?"

मी एकेक सांगत गेले आणि त्या मान हलवत गेल्या, मध्येच "बरोबर, म्हणून मागून वास येत होता," असं पुटपुटत. शपथेवर सांगते, त्यांना कुतूहल होतं. राग नंतर आला, थोडाच, आणि तो असा: "अगं, सगळी यंत्रं तेलावर चालतात. ही एक कोरडी चालते. बेल्टने ताटलीला घट्ट धरायचं असतं, तिथे तेल लागलं की धरणार कशाला? एवढे दिवस बघतेयस, एकदा विचारायचं होतंस." मग म्हणाल्या, "सोनं दे की. हातात काय धरून बसलीस?"

खरी अडचण बेल्टची होती. ताटल्या त्यांनी पेट्रोलने धुऊन, कोऱ्या कपड्याने पुसून लख्ख केल्या होत्या. पण बेल्टच्या रबराने ग्रीस पिऊन टाकलं होतं, शिवाय पुलावर घासून तो जळला होता. नवा मुंबईहून मागवावा लागे आणि दसऱ्याला दुकानं बंद. कपाटात जुने, काढून ठेवलेले दोन बेल्ट होते. एकाला भेगा होत्या, दुसरा रुंदीला बराच कमी. त्यांनी अरुंद बेल्ट निवडला, भेगाळलेला डिकीत ठेवला.

"पळणार नाही, पण चालेल. मी साडेसहालाच निघेन," त्या म्हणाल्या.

"मी येते बरोबर. तुमच्या मागे बसेन."

"तू बसलीस तर भार वाढेल," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, खरोखरच हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी मी पावणेदहालाच कचेरीत होते. बाळाराम फाटकात उभा. दहा वाजता मोठे अधिकारी आले. साहेबांनी नकाशा पसरला. अधिकारी तो बारकाईने बघून म्हणाले, "सुंदर काम आहे." मग बोट खाडीवर गेलं. "ही हद्द तुटक का?" "पुरी करून घेऊ सर," साहेब म्हणाले. अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि पुढच्या फाइलीकडे वळले. मी दाराशी उभी होते. मला उत्तर माहीत होतं. पण कारकुनाने अशा वेळी बोलायचं नसतं असं मी स्वतःला सांगितलं आणि गप्प राहिले. ती गोष्ट मला आजही टोचते.

बाई पावणेअकराला आल्या. मुंब्र्याजवळ बेल्टचे धागे सुटून तो तुटला होता. रस्त्याकडेला बसून एकटीने भेगाळलेला बसवण्यात दोन तास गेले होते आणि त्याच्यावर त्या सायकलच्या वेगाने पोचल्या होत्या. साडीच्या निऱ्या गुडघ्यापर्यंत काळ्या. त्यांनी पहिलं विचारलं ते, "खाडीचं विचारलं का?"

मी सगळं सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या.

मग मी धीर करून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, निदान एवढं तरी करू. सगळी चूक माझी आहे, ग्रीस मी लावलं, लेटमार्क मला द्या, असं भडाभडा बोलले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर कळवळा दाटून आला. "म्हणजे बोटभर ग्रीसने बंद पडते अशा गाडीवर ही बाई रोज एवढं लांब येते? तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत, सावंत. मी तर आज फक्त लेटमार्कवरच सोडून देणार होतो." संध्याकाळपर्यंत बदलीचा हुकूम टाइप झाला होता.

हेही मी बाईंना सांगितलं. सांगण्यावाचून राहवलं नसतं. त्यांनी टेबलाच्या खणातून आकृत्यांची फाइल काढली, पिशवीत घातली. खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "तू काय नि साहेब काय, दोघांनीही माझ्या भल्यासाठीच केलंत." एवढंच. त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही, आणि मीही नाही.

नकाशावरची तुटक रेघ दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी शाईने जोडली.

कल्याणला त्या गेल्यावर मी दोन-तीनदा भेटायला गेले. शेवटची गेले ती तीन वर्षांनी, शनिवारी. माझ्या नवऱ्याची नाशिकला बदली झाली होती आणि मीही ठाणं सोडणार होते. बाई टपालाच्या ढिगामागे बसल्या होत्या, शिक्का, शाईची गादी, वही. केस बरेच पिकलेले. कशा आहात विचारलं तर म्हणाल्या, "जवळ आहे." मग गाडीचं विचारलं. त्या पहिल्यांदा जराशा मोकळ्या झाल्या. "अगं, इंजिन तापायच्या आत मी पोचते. बेल्ट झिजतच नाही आता. शुक्रवारी उघडते आणि काहीच सापडत नाही."

मी त्यांचा हात धरला. तो शाईने जांभळा झाला होता. मी म्हटलं, "कुमुद, मला माफ कर." पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. त्या म्हणाल्या, "सावंत, नाशिकला चढ फार. गाडी घेतलीस तर मला कळव."

साडेपाचला कचेरी सुटली. मी रस्त्यापलीकडे रिक्षाची वाट पाहत उभी राहिले. बाई निळ्या गाडीवर बसल्या, कुबडी बाजूच्या कडीत अडकवली, मूठ पिळली. नाक्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या. त्यांचं घर डावीकडे, दहा मिनिटांवर. उजवीकडे रस्ता पत्रीपुलाकडे, पुढे शीळफाट्याला आणि मग ठाण्याला. उद्या रविवार होता आणि ठाण्यात त्यांचं काही काम उरलं नव्हतं.

त्यांनी उजवीकडे हात दाखवला आणि वळल्या. माझ्यासमोरून दोन रिक्षा रिकाम्या गेल्या, मी हात केला नाही. पुलाच्या चढाला इंजिनाचा आवाज आधी वाढला, मग एका जागी स्थिर झाला, बेल्ट वर चढला असणार, आणि गाडी वेग घेत वर गेली.